काळ्या रेघांचं कार्ड

लिंबायत, सुरत
मंगळवार, ता. १६ सप्टेंबर २०२५

चि. जयश्रीस,

आजीचा आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. तू वेळेवर जेवतेस की नाही देव जाणे, फोनवर तर रोजच जेवले म्हणतेस.

पत्र बघून घाबरू नको, कोणी मेलेलं नाही. फोनवर बोलायचं नव्हतं म्हणून लिहिते. एक तर आमच्या खोलीची मधली भिंत म्हणजे पत्रा, पलीकडे उज्ज्वला. दुसरं, त्या फोनचा मला भरवसा नाही. परवा गुडघ्याला तेल पाहिजे म्हटलं, तर तासाभरात तुझ्या आईच्या फोनवर तेलाची जाहिरात. कागद कोणाला चुगली करत नाही. चौथीपर्यंतचं लिहिणं आहे, चुका काढत बसू नको.

बाकी खबर म्हणजे श्रावणातला कानबाई देवीचा सण चांगला झाला. तुझा बाप दोन दिवस लूमवर गेला नाही. या वर्षी कानबाई तुझ्या आईने बसवली, मी बाजूला खुर्चीवर. बायका कुजबुजल्या, धुरपदाबाई घरात असताना सुनेने देवीच्या नारळाला हात लावला कसा? म्हटलं, माझा गुडघा धरलाय, खाली बसवत नाही, तुम्ही उचलून बसवता का? लगेच गाणी म्हणायला लागल्या.

आता तुझ्या कामाचं.

परवा फोनवर रडलीस ते मला आवडलं नाही. ऑफिसात बसून रडू नये, लोक लक्षात ठेवतात. तू सांगितलंस ते मी मनात धरून ठेवलंय, बरोबर आहे का बघ. तुमची संस्था दोन वर्षं लूमवाल्यांच्या बायकांचं रक्त तपासायला नेते. बाटलीवर नाव नाही, नुसत्या काळ्या रेघा, आणि त्याच रेघा आमच्या कार्डावर. बडोद्याला तुझं मशीन त्या रेघा वाचतं आणि मागच्या वर्षीचं रक्त या वर्षीच्या शेजारी ठेवून बघतं. माझ्या रेघांखाली मागच्या वर्षी रक्तगट बी होता, या वर्षी ओ निघाला. मशीनने लाल खूण केली. साहेब म्हणतो, लेबलं जयश्रीने छापली, तिनेच उलटीपालटी केली, आता या गल्लीतल्या दोनशे बायकांचं रक्त बाद. आणि महिनाअखेरीला तूही बाद.

मग तू हळूच विचारलंस, "आजी, त्या दिवशी तूच गेली होतीस ना?"

मी म्हटलं, "मी नाही तर काय माझं भूत गेलं?"

तू हं म्हणून फोन ठेवलास. पण त्या हं मध्ये शंका होती, ती मला कळली. बरं केलंस. ते माझ्यावर गेलंय.

मला हा प्रकार पहिल्यापासून संशयाचाच वाटतो. तुमचा माणूस पाटी घेऊन आला, पाटी कसली, मोठा फोनच. गाव कोणतं, पोरं किती, गेली किती, चुलीवर रांधता की गॅसवर, झोप लागते का. एवढं तर सोयरीक जमवताना विचारत नाहीत. आणि रक्त म्हणे बर्फात ठेवणार, दहा वर्षांनी परत काढून बघणार. दहा वर्षांनी मी असेन का, ते नाही विचारलं.

नाव गुप्त राहावं म्हणून रेघा, असं तू तोऱ्यात सांगायचीस. म्हणून कार्डावर फोटोसुद्धा नाही. अगं, रेघांना तोंड असतं का? जिच्या हातात कार्ड, ती धुरपदाबाई.

तर त्या दिवशी कार्ड उज्ज्वलाच्या हातात होतं. मीच दिलं.

तुला ती नीट माहीत नसेल. अकोल्याकडची, नवरा इच्छापोरला ठेकेदाराकडे कामाला. दिवाळीनंतर राहायला आली, म्हणून तुमच्या यादीत तिचं नाव नाही. यादीतल्या बाईला रक्त दिलं की स्टीलचा डबा मिळतो. माझा मागच्या वर्षीचा डबा हातात घेऊन म्हणायची, "मावशी, झाकन किती घट्ट बसते हो!" म्हटलं, जा, माझ्या नावाने बस आणि डबा तू ठेव. अडतीस वर्षांची बाई पासष्टची म्हणून खुर्चीवर बसली आणि सुईवालीने मान वर केली नाही. रेघा दाखवल्या, टूं वाजलं, टोचलं. तुझ्या साहेबाला विचार, चुकलं काय, लेबल की डोळे?

इथपर्यंत लिहून पत्र बंद करणार होते. पण मग तुला नुसती उज्ज्वला कळली असती.

लाल खूण निघायच्या आधी तू नियम मोडून मला एक सांगितलंस. आजी, तुझ्या किडनीचं बरोबर नाही, उद्याच्या उद्या दाखव. तुला माझ्या रेघांखालचा नंबर पाठ आहे म्हणून कळलं. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. घाबरले नाही. मला ठाऊक होतं ती किडनी कोणाची.

नऊ दिवस ठाऊक होतं. उज्ज्वलाचे पाय सुजतात, बादली घेऊन तीन पायऱ्या चढली की थांबते. मी आधी तिला आळशी म्हणायचे. या नऊ दिवसांत म्हटलं नाही, एवढंच. तिला सांगावं तर कार्डाचं उघडं पडतं. कार्डाचं उघडं पडलं की पुढचं कोणी तरी विचारणारच. म्हणून मी तांदूळ निवडत बसले.

पण तू रडलीस तेव्हा हिशेब फिरला. आज सकाळी नळावर तिला गाठलं. म्हटलं, "डब्याच्या दिवशीचं रक्त वाईट निघालं."

"कोनाचं, मावशी?"

"तुझं. किडनीचं आहे. दवाखान्यात जायचं."

तिने बादली खाली ठेवली. रडेल वाटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मंग तुमी सोता काऊन नाई गेल्या?"

"गुडघा."

"रगत तं हातातून घेते ना."

बघ. तुझ्या एवढ्या मोठ्या मशीनने जे विचारलं नाही, ते या बाईने नळावर विचारलं. मी माझी बादली नळाखाली लावली. 

तिला नाही सांगितलं. तुला सांगते, एकदाच.

माझी पाळी जाऊन सतरा वर्षं झाली. होळीपासून परत जातंय. कधी डाग, कधी जास्त. मागच्या वर्षी माझं रक्त कमी निघालं तेव्हा तू गोळ्या दिल्यास. या वर्षी अजून कमी निघालं असतं आणि तू पडद्यावर नंबर बघून ओळखलं असतंस. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं, तिची पिशवी काढायला नेली ती घरी आली नाही. म्हणून मी रक्त दिलं नाही. गुडघा चांगला आहे. कानबाईच्या दिवशीही चांगला होता. त्या दिवशी लुगड्याला लागलं होतं, मी देवीला हात कसा लावू? खुर्चीवर बसून सगळ्यांना शिव्या दिल्या, म्हणजे कोणी जवळ येऊ नये.

सोबत वेगळं चिठोरं आहे, ते साहेबाला दे. त्यात एवढंच आहे: "कार्ड माझं, रक्त शेजारणीचं. लेबल बरोबर आहे. गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी आपापलं रक्त दिलं, ते फेकू नका. खोटं मी केलं, पोरीने नाही." खाली सही केली आहे, अंगठा नाही. हे पत्र मात्र साहेबाला दाखवू नको. किडनीचं मला सांगितलंस तेही त्याला सांगू नको, तेवढा नियम मोडलेला राहू दे.

गुरुवारी मी आणि उज्ज्वला एकाच रिक्षाने मोठ्या दवाखान्यात जाणार आहोत. ती माझ्याशी बोलत नाही. नळावरून निघताना मात्र विचारलं, "मावशी, डबा वापस देऊ काय?" मी म्हटलं, त्यात भाकरी घे, तिथे दिवस जाईल. तिला वाटतंय मी सोबत म्हणून येते. तिच्यासमोर डॉक्टरला काय सांगायचं ते मला जमणार नाही, म्हणून तू ये. गल्लीतलं एक पोरगं हे पत्र घेऊन आज रात्रीच बडोद्याला निघतंय, तू उद्या बुधवारच्या गाडीने बस. तुझ्या बापाला सांग, सुट्टी मिळाली.

येताना नवीन बाटली आण. सुई कोणीही टोचू दे, पण रेघा तू चिकटव, माझं तोंड बघून.

तुझी आजी,
धुरपदाबाई
रक्तगट बी