प्लॉटच्या वहीतले सहा दिवस

सांगली,
३ डिसेंबर १९९७

प्रिय मिलिंददादा,

सप्रेम जयभीम.

तू आष्ट्याला सुखरूप पोचलास हे तुझ्या शेजारच्या माणसाकडून एस.टी. स्टँडवर कळलं. बनामावशींचा गुडघा कसा आहे? अक्षताला म्हणावं, आत्यानं दिलेली रंगपेटी पुरवून वापर. मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, प्रयोगशाळेत जाते. बाकी डोकं इतकं तापलंय की कुणाला तरी लिहिल्याशिवाय राहवेना.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. नऊ वर्षं या संस्थेत काढलेल्या माणसाला यांनी दहा मिनिटांत घरी बसवलं. चौकशी समितीची माणसं पुण्याहून आली, चहा प्यायली, सरांनी प्लॉटची वही त्यांच्यापुढं सरकवली आणि तुझ्या निलंबनाचा कागद जेवणाच्या सुट्टीआधी टाइप होऊन तयार. एवढ्या वेगानं इथं साधी काचेची नळीसुद्धा कधी मिळालेली नाही.

मे महिन्यात याच सरांना आपण दोघांनी पाहिलंय. मार्चमध्ये पुरलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या नऊ आठवड्यांत मातीत विरून गेल्या, नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या तेवढ्या हाताला लागल्या, तेव्हा हा माणूस चिखलात उड्या मारत होता. पेपरात फोटो आला. साखर कारखान्याचे चेअरमन गाडी घेऊन आले. उसाच्या मळीपासून प्लास्टिक, तेही मातीत मिसळणारं, आणि सगळं सरांनी केलेलं. बातमीत माझा उल्लेख 'एक विद्यार्थिनी' असा होता. तुझा तर नव्हताच. आता तीच पट्टी पावसाळ्यात पुन्हा पुरली आणि पाच महिने जशीच्या तशी राहिली, तर दोष कुणाचा? तुझा. पहिल्या पट्ट्या म्हणे तूच उपटून फेकल्यास, रोज पाणी घालायचा कंटाळा आला म्हणून.

कंटाळा, आणि तुला. मळीचे डबे कारखान्यातून सायकलवर कुणी आणले? जिवाणूंच्या टाकीत फेस वर आला की धावत कोण यायचं? आपली पहिली पट्टी पापडासारखी मोडली तेव्हा मी टेबलाशी बसून रडले होते. तू तुकडे गोळा करून बाटलीत भरलेस, चिठ्ठी लावलीस आणि दुसरा घाणा लावायला घेतलास. सर त्या दिवशी कुठल्याशा सत्काराला गेले होते.

माझ्या वडलांना हे सगळं तूच समजावलंस. मला ते सहा महिन्यांत जमलं नव्हतं. तू म्हणालास, "मामा, चारा रग्गड झाला की मेंढरू अंगावर चरबी धरतंय का न्हाई? तसंच ह्ये बारकं जीव. त्यांच्यात दुसऱ्या एका जीवाचा गुण घातलाय. मळी पाजली की चरबीगत प्लास्टिक धरत्यात." वडलांनी एवढंच विचारलं की मेंढराच्या पोटात गेलं तर ते विरंल का. मिरजेला बाजारामागं कॅरीबॅगा खाऊन आमच्या तीन मेंढ्या फुगून मेल्या, त्याच वर्षीची ही गोष्ट. मी हा विषय का घेतला ते सरांनी आजवर विचारलेलं नाही. तुला ते न विचारता कळलं होतं.

आता वहीचं. जयंतीसाठी तू १२ ते १७ एप्रिल रजेवर होतास. रजेचा अर्ज ऑफिसात आहे. आणि वहीत त्या सहाही दिवसांपुढं पाणी घातल्याची नोंद आणि 'मि.' अशी सही. म्हणजे खोट्या नोंदी, असं सर म्हणाले आणि समितीनं माना हलवल्या. तू खाली बघत उभा राहिलास. एक शब्द का बोलला नाहीस? मला त्याचाच राग आलाय. अरे, वहीला दहा हात लागतात. कुणी काय लिहिलं कोण सांगणार?

तू अर्ज कर. मी मसुदा करून पाठवते. त्यात वहीचा मुद्दा फार ताणू नकोस, तुझ्या नऊ वर्षांच्या नोकरीवर जोर दे. मी तिथंच उठून बोलणार होते, पण माझा प्रबंध मार्चमध्ये द्यायचाय, आणि तेव्हा बोलून उपयोगही झाला नसता.

मावशींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण,
राही


सांगली,
१२ डिसेंबर १९९७

मिलिंददादा,

जयभीम.

तुझं कार्ड पोचलं. मसुदा नको म्हणालास. मावशी बऱ्या आहेत म्हणालास. आणि शेवटी लिहिलंस, "अठरा तारखेला मी प्लॉट झाडला होता. तू काळजी करू नकोस."

म्हणजे रजेवरून आलास त्या दिवशीच तू मेंढरांच्या लेंड्या पाहिल्यास. आणि आठ महिने बोलला नाहीस, समितीसमोरसुद्धा नाही. आता मी सरळ लिहिते, मागच्या पत्रासारखं नागमोडी नाही.

एप्रिलमध्ये वडील मेंढरं घेऊन इकडं होते. एका बागायतदारानं खतासाठी रानात मेंढरं बसवायचं ठरवलं होतं, तो ऐनवेळी फिरला. पंच्याऐंशी मेंढरं रस्त्याकडेला उभी आणि आई चूल कुठं मांडू म्हणून विचारत होती. कुंपणाची किल्ली माझ्याकडं होती. सहा मुक्काम मी त्यांना आपल्या प्लॉटमध्ये बसवलं. पट्ट्या खाली होत्या, मला वाटलं खुरांनी काय बिघडणार. धनगराची पोर असून, मेंढरं बसलेल्या रानाचं काय होतं हे मीच विसरले. लेंड्या तू झाडल्यास, पण मूत आणि तुडवलेलं खत मातीत मुरलंच होतं. त्या मातीत जिवाणू माजले आणि त्यांनी पट्ट्या खाऊन टाकल्या. मेमध्ये सर उड्या मारत होते तेव्हा मला हे कळलं होतं. मी पेढे खाल्ले.

आणि 'मि.' ती सही मी केली. सहाही दिवस. माझं नाव घातलं असतं तर सरांनी विचारलं असतं, राही, प्लॉटमध्ये काय पाहिलंस? तुझं नाव असलं की कुणी काही विचारत नाही. तुझ्या सहीच्या ओळीत काय लिहिलंय हे या संस्थेत कुणी वाचत नाही, ते मला पक्कं ठाऊक होतं. त्याचाच मी फायदा घेतला. आणि वर तुलाच पत्रातून शिकवत बसले की वहीचा मुद्दा ताणू नकोस.

रविवारी वडलांकडं गेले होते. मेंढरं सध्या आष्ट्याच्या अलीकडंच बसलीत. जाताना तुझ्या गल्लीवरून गेले आणि दारात आले नाही. वडलांना सांगितलं तेव्हा ते कुत्र्याच्या मानेवरनं हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मेंढरं बसवली ह्यात लपवायचं काय? लोक धान्य दिऊन बसवून घेत्यात. तू खत न्हाई चोरलंस, पोरी. त्या पोराचं नाव चोरलंस." आईनं भाकरी माझ्यापुढं सरकवली आणि मेंढरांकडं निघून गेली.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. आधी ते पांढरे पडले. मग, खरं सांगते, त्यांचे डोळे लकाकले. म्हणाले, अगं, हा तर शोध आहे, मेंढ्या बसवलेल्या जमिनीत पट्टी नऊ आठवड्यांत विरते, यावर स्वतंत्र निबंध होईल, तुझं नाव पहिलं घालू. वहीचं मात्र राहू दे. मिलिंदला कुठंतरी चिकटवून देऊ.

"शेवटी तो मदतनीसच आहे, राही," असं ते म्हणाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण दादा, हेच वाक्य एप्रिलमध्ये मीही बोलले होते. तोंडानं नाही, तुझी सही करून. त्यांच्यावर चिडायला मला तोंड कुठं होतं? तरी चिडले. तिथून उठले ती थेट संचालकांकडं गेले.

लेखी दिलंय. एक प्रत पुण्याला समितीकडं रजिस्टर पोस्टानं पाठवली, कार्बन प्रत सोबत आहे, नीट वाच. संचालकांनी वही मागवली. त्यांच्यासमोर मी त्या सहा ओळींतल्या 'मि.'वर रेघ मारली आणि लिहिलं, "मेंढरं बसवली होती, पंच्याऐंशी." तुझं निलंबन मागं घ्यायला पंधरवडा लागेल म्हणाले. मी म्हटलं, लावताना दहा मिनिटं लागली होती. माझ्या प्रबंधाचं काय होईल ते सरांच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे. होऊ दे.

एक सांगायचं राहिलं. मला तुझाही राग आलाय. तू गप्प का बसलास? धाकटी म्हणून मला पाठीशी घातलंस, आणि अक्षताच्या तोंडचा घास मला न विचारता माझ्या ताटात वाढलास. असली माया मला नकोय. मला चारचौघांत विचारायला हवं होतंस, राही, ही सही कुणाची? मी खोटं बोलले असते कदाचित. तरी विचारायला हवं होतंस.

माफी आत्ता मागत नाही. तू कामावर रुजू हो, मग तुझ्या दारात येऊन मागेन, मावशींच्या देखत. बहीण म्हणायचं की नाही ते तेव्हा तू ठरव.

तोवर नुसती,
राही धुळा काळेल