झोळीची दोरी

आई, हे लिहायला बसल्यापासून गॅस बंद केलाय का ते बघायला मी दोनदा उठून आले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझा स्वभाव काही बदलला नाही. कुणी कडी वाजवली तरी छातीत धस्स होतं. भाऊ मात्र तुझ्या आजारपणात इस्पितळाच्या बाकावरही घोरत होता.

काल नातीला डोस द्यायला दादरला नेलं. डॉक्टरीणबाई सुनेला सांगत होत्या, घरात सतत ताण असला, तान्हं मूल रडतच राहिलं, तर त्याच्या अंगात ताणाची संप्रेरकं वाढतात, कोवळ्या मेंदूवरही परिणाम होतो. कुणी वेळेवर जवळ घेतलं की ती उतरतात. तेव्हापासून मला चैन नाही.

कारण आमचं उलटंच झालं. भाऊ जन्मला तेव्हा लालबागला कर्फ्यू, बाबा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात. मी सहा वर्षांची, स्टोव्हपाशी बसलेय. खिडकीला ओली चादर लावलीय, तरी अश्रुधुरानं डोळे चुरचुरतायत. गिरणीतून बाळंतपणाची रजा मिळाली म्हणून तू घरात आहेस, त्याला पदराखाली घेऊन पाठ चोळतेयस. आजी तांदूळ निवडता निवडता म्हणते, "रडांदे गो तेका. हाताची सवय लागतली." तू सासूला कधी उलट बोलायची नाहीस, पण त्या दिवशी बोललीस. "भायर गोळये चलतत. मी आसंय, इतक्या तरी कळांदे तेका."

माझ्या वेळी बाहेर सगळं शांत होतं, पण नोकरी कायम नव्हती म्हणून तुला रजा नाही, तू गिरणीत. मी झोळीत आणि झोळीची दोरी आजीच्या पायाच्या अंगठ्याला. पोर रडून रडून आपोआप निजायची, असं आजी कौतुकानं सांगायची. त्याच्या वाट्याला तू आलीस, माझ्या वाट्याला दोरी. राग येतो, आई. मग वाटतं, तू गिरणीत गेली नसतीस तर आम्ही खाल्लं काय असतं? एवढ्यावरच सगळं ठरत नाही, असं डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. पण गिरणीतली पाळी संपवून आल्यावर तू मला उचलून घ्यायचीस का, एवढंच मला विचारायचं होतं. ते सांगणारं आता कुणी उरलं नाही, आणि हे तुझ्यापर्यंत पोचायचंही नाही.

नात झोपली तरी मी तिला खाली ठेवत नाही. सून हसून म्हणते, "आई, हाताची सवय लागेल तिला." लागू दे, म्हणते मी. तिला लागली की नाही कोण जाणे, मला लागलीय. ती छातीशी असली की मी गॅस बघायला उठत नाही.