मशीनखालचा ठोकळा

आई,

जेवायला थांबू नकोस. बाइक घेऊन बाबांच्या मागे टेकडीवर जातोय.

त्यांच्या जुन्या जीपचा हँडब्रेक धरत नाही, म्हणून उतारावर ते चाकाखाली ठोकळा लावतात. तो मी गेल्या आठवड्यात आपल्या डळमळत्या वॉशिंग मशीनखाली सरकवला. कळलं तर बाबा घर डोक्यावर घेतील, म्हणून खोक्याच्या लाकडाचा तसाच एक रंगवून जीपमध्ये ठेवला. त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर आज माझा पाय पडला, तर बिस्किटासारखा मोडला.

बाबांचा फोन लागत नाहीये. ताईला एवढ्यात काही सांगू नकोस. तिची छोटी चिमी आज बाबांबरोबर गेलीये, ती दुपारी जीपमध्येच झोपते, आणि बाबा जीप नेहमी उतारावर, खालच्या तळ्याकडे तोंड करून लावतात.