शेंदराखालची बंदूक

६ फेब्रुवारी २०२५, मुलुंड

आई आज मेथी निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या बाबांचं दुसरं घर होतं गं." नव्वद वर्षांची बाई! मी म्हटलं, काहीतरीच काय! तर म्हणे, दर दसऱ्याला ऑफिसची पूजा सांगून जायचे. "ऑफिसची पूजा आदल्या दिवशी, खंडेनवमीला. दसऱ्याला सुट्टी! मला काय कळत नव्हतं?" संध्याकाळी परत आले की कपड्यांना मासळीचा वास. बाहीला कुंकवाचा डाग.

बाबांना जाऊन पंधरा वर्षं झाली. इतकी वर्षं पोटात ठेवलं हिने!

७ फेब्रुवारी

शेवटच्या आजारपणात बाबा बडबडायचे — "माझी रायफल कोळीवाड्यात आहे." आम्ही तापातलं बोलणं म्हणून सोडून दिलं. पण शेहेचाळीस साली ते नौदलात होते, नाविकांच्या बंडात होते, हे तर खरंच. भावाला फोन केला. नंदकिशोर म्हणतो, "शुभा, तुला रिकामपणचे उद्योग!" ठेवून दिला फोन.

मग प्रबुद्धला विचारलं. आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. तो उडालाच! बंडातली, परत जमा न झालेली एकही रायफल त्याच्या पाहण्यात नाही. "फक्त तिच्यावरचा नंबर मिळव, म्युझियमवाले डोक्यावर घेऊन नाचतील." मला म्युझियमशी काय करायचंय? आईला दाखवायचंय की ते घर बाईचं नव्हतं.

९ फेब्रुवारी

वर्सोव्याचा कोळीवाडा पालथा घातला. काही नाही. गुडघ्यांची वाट लागली.

१६ फेब्रुवारी

मढ. धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या बायकांना हळूच विचारलं — इथे कोणाकडे जुनी बंदूक आहे का? त्या हसायलाच लागल्या. "बंदूकदेव ना? कमळकडं जा!" आणि मी आपली इतके दिवस दबक्या आवाजात विचारतेय!

कमळ साठीची, आवाज खणखणीत. देव्हाऱ्याशेजारी रायफल उभी. लाकूड दिसत नाही, लोखंड दिसत नाही — नुसता तेल-शेंदराचा जाड थर. नंबर कुठला दिसायला! बंडाच्या वेळी एका नाविकाने ती तिच्या सासऱ्याच्या, तुळशीदासच्या होडीत ठेवली. त्यांनी दसऱ्याला हत्यार म्हणून पुजली. पुढे तिचा देवच झाला.

मी विचारलं, चाकूने जरासं खरवडून बघू? बाई भडकलीच. "देवाला कोन खरवडतं? त्याची खोळ तो आपला टाकील तवा टाकील!" चुकलंच माझं. हात जोडले. मग तिनेच वाटी पुढे केली, माझ्या हाताने शेंदूर लावून घेतला.

निघताना फोनमधला बाबांचा फोटो दाखवला. "अगो, हे तं दसऱ्याचे बाबा! दरसाल नारळ घेऊन यायचे, शेंदूर तेच लावायचे. कोनाला सांगू नका बोलायचे, सरकारी नोकरी जाईल."

मी तिथेच रडले. लाज वाटली नाही. प्रबुद्धला पत्ता देणार नाही. घरातला देव कोणी उचलून नेतं का?

१७ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. पदराला लागलेला शेंदूर दाखवला. तिने बोटाने घासून पाहिला. "हाच डाग," म्हणाली. मला वाटलं, सुटली बिचारी एकदाची.

तर म्हणते, "बाई असती तर लपवलं, हे मी समजू शकले असते. बंदूक माझ्यापासून लपवली? मी काय पोलिसांत जाणार होते?"