कुमुदिनी पत्र का फाडते?

डोंबिवली,
ता. ४ जुलै १९५४

ती. प्रभाकरमामा यांस,
मंदाकिनीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमची कथा तिसऱ्यांदा आली. शाळेतली नोकरी सांभाळून मासिकाकडे आलेल्या कथा वाचायचं काम मी दोन वर्षं करते आहे, पण इतकी चिडचिड कुणा परक्याच्या कथेनं झाली नव्हती. दोन वेळा मामा म्हणून भीड धरली, तर तुम्ही ऱ्हस्वदीर्घ तेवढं सुधारून पुन्हा धाडलीत. आता स्पष्टच लिहिते.

कल्याणच्या मालधक्क्यावर मधुसूदन मिठाच्या पोत्यांच्या वजनावरून व्यापाऱ्याशी हुज्जत घालतो, ते पान फार छान आहे. तुम्ही स्वतः तिथं नोकरी केलीत, ते ओळीओळीत कळतं. पण त्याची बायको कुमुदिनी आली की कथेतला जीवच जातो. ती त्यागमूर्ती आहे असं तुम्ही नऊ वेळा सांगता, मी मोजलं. ती बोलते मात्र एकदाही नाही. दिव्याखाली अभ्यास करून फायनल पास झालेली मुलगी. शाळेतून नेमणुकीचं पत्र येतं, आणि संसारासाठी ती ते हसत हसत फाडते! का? मामा, मला हे मुळीच पटत नाही. आदल्या दिवशी ती काय म्हणाली, फाडताना हात अडखळला का, एवढं तरी लिहा. सुरुवातीची दोन पानं सूर्यास्ताला गेली आहेत, ती काढली की जागा होईल. दिवाळी अंकासाठी कथा ऑगस्टअखेर हातात हवी.

सुमतीमामीस नमस्कार. राग आला तरी लोभाला कात्री लावू नये, ही विनंती.

तुमची,
मंदा

———

टेंभी नाका, ठाणे,
ता. ९ जुलै १९५४

चि. मंदाकिनी हिस अ. उ. आ.

पत्र पोचले. लाल पेन्सिलीने माझ्या कागदांची काय दशा केलीस तीही पाहिली. तीस वर्षे रेल्वेतल्या साहेबांना माझे मसुदे जसेच्या तसे चालले, आणि जिला मी पाटीवर मुळाक्षरे गिरवायला शिकवली ती मला लिहिते, पटत नाही म्हणून!

सूर्यास्त एका पानावर आणतो. पण कुमुदिनीच्या प्रसंगाला हात लावणार नाही. तो कल्पित नव्हे. ती तुझी मामीच आहे. १९२९ साली आम्ही कल्याणास असताना तिला मुलींच्या शाळेतून नेमणुकीचे पत्र आले, आणि तिने आपण होऊन नकार कळवला. फाडणे तेवढे माझ्या पदरचे. ही हकिगत साऱ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. मी कितीदा सांगितली, पण तुझ्या मामीने एकदाही ती खोडून काढलेली नाही. विश्वास बसत नसेल तर तिलाच पत्र घालून विचार. मन फार खट्टू झाले आहे.

पत्र रागाचे असले तरी आशीर्वाद नेहमीचेच समजावेत.

तुझा मामा,
प्रभाकर

———

ठाणे,
ता. १७ जुलै १९५४

चि. मंदा हिस सुमतीमामीचे अ. आ.

तुझं पत्र मिळालं. हे वाचनालयात गेलेत, ते येईपर्यंत लिहिते.

नकार का दिलास, असं तू विचारलंस. अगं, मी दिलाच नाही. ते पत्र माझ्या हातात आलंच नव्हतं. शाळेतली शिपाईण गंगुबाई मला भाजीबाजारात भेटली, आणि मोठ्या बाई किती हळहळल्या ते सांगून नको म्हणून का कळवलंत असं विचारायला लागली. तेव्हा मला कळलं. मी भाजी घेतली आणि घरी आले. आमच्याकडची सगळी पत्रं हेच लिहायचे, माझ्या आईला माझ्या नावानं जायची तीसुद्धा. तसंच ते नकाराचं पत्रही लिहून टाकलं.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, भीती वाटली. पुढं चारचौघांत हे सांगायला लागले, की हिनंच नको म्हटलं. मी गप्प बसले, आणि मग बोलायचं राहूनच गेलं. पण आता हे छापणार म्हणताहेत गं! सगळ्या महाराष्ट्रासमोर मी हसत हसत पत्र फाडणार! मला इतका संताप येतो, की तव्यावरची भाकरी करपते तरी भान राहत नाही. आपणहून विषय काढायचं मात्र धैर्य होत नाही. तू काही करता आलं तर बघ.

प्रकृतीला जप. मामीची आठवण असू दे.

तुझी,
सुमतीमामी

———

डोंबिवली,
ता. २१ जुलै १९५४

ती. मामांस शि. सा. न.

तुम्ही सांगितलंत म्हणून मामीला विचारलं. तिचं उत्तर आलं. ते इथं लिहीत नाही, ते तुम्ही तिच्याच तोंडून ऐकायला हवं.

माझी आता एकच सूचना आहे. शाळेला गेलेलं नकाराचं पत्र कुणी लिहिलं, तो प्रसंग लिहा. त्याशिवाय ही कथा मी संपादकांपुढे ठेवणार नाही. सूर्यास्त हवा तेवढा राहू दे.

कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घालावं.

मंदा

———

ठाणे,
ता. १९ ऑगस्ट १९५४

चि. मंदाकिनी हिस अ. उ. आ.

महिनाभर उत्तर धाडले नाही. तुझे पत्र मी फाडून टाकले होते. आठ दिवस तुझ्यावर चिडलो, मग तुझ्या मामीवर, आणि मग कुणावर चिडावे ते समजेना.

शेवटी लिहिले. मधुसूदन मालधक्क्यावरच्या टेबलाशी बसून बायकोच्या नावाने नकार लिहितो, आणि खाली तिची सही करतो. का, तेही लिहिले. हा बायकोच्या पगारावर जगतो असे कचेरीतले लोक म्हणतील, एवढीच भीती होती. इतक्या वर्षांत सांगून सांगून मलाच माझी हकिगत खरी वाटू लागली होती, आणि ती खोडून काढत नाही म्हणजे तिलाही ती मान्य आहे अशी माझी समजूत होती. मला फार लाज वाटते.

काल दुपारी तिला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. रागावेल, रडेल असे वाटले होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की त्या पत्रात कारण काय दिले होते. मी खूप आठवून पाहिले. प्रकृतीचे लिहिले, घरच्या अडचणीचे लिहिले, की नुसतीच इच्छा नाही असे लिहिले, काही केल्या आठवेना. तसे तिला सांगितले. ती म्हणाली, की आपण कशासाठी नको म्हटले, तेवढेच जाणून घ्यायचे पंचवीस वर्षे मनात होते.

कथा सोबत पाठवत आहे. त्या पत्राच्या मजकुरात दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. तिथे तू काही सुचवू नकोस.

माझ्यावर नसला तरी तिच्यावर लोभ असू दे.

तुझा मामा,
प्रभाकर