बरणी ढवळायला येणारी अक्का

१० मे २०२५

उचगावची सभा जिंकली. देवळापुढचं पटांगण बायकांनी भरलेलं. विषय माझा नेहमीचा — पाळी असताना लोणच्याच्या बरणीला शिवलं की लोणचं नासतं, हे खूळ. मीठ, तेल, ओलावा यांचं शास्त्र सांगत होतो तेव्हा मागे जांभया चालल्या होत्या. मग ऐन वेळी सुचलं. म्हणालो, "माझ्या घरी या! माझी बायको त्या चार दिवसांतही बरणीत हात घालते. पंधरा वर्षांत एक फोड नासलेली नाही." टाळ्या थांबेनात.

घरी येऊन अक्षताला सांगितलं. ती परसातल्या कैऱ्या पुसत बसली होती.

"माझं नाव घेतलंसा?"

"नाव कशाला घेऊ? माझी बायको म्हणालो."

"बायको एकच हाय की तुमची."

मी हसलो. ती हसली नव्हती, हे आत्ता लिहिताना ध्यानात येतंय.

११ मे

सभेचा व्हिडिओ आमच्या कळंब्यात घरोघरी पोचला. माझ्या सभा ठरवणारा दादासो फोनवर नुसता नाचत होता.

१३ मे

आज कैऱ्या फोडायच्या होत्या. दरवर्षी शेजारच्या अक्काताई मोठी विळी घेऊन सकाळीच येतात. झाड आमचं, विळी त्यांची, लोणचं दोन्ही घरांचं. आज आल्या नाहीत. अक्षता कुंपणाशी जाऊन हाक मारून आली, पुन्हा गेली. शेवटी त्यांची सून रुचिता आली आणि गेल्या वर्षी आमच्याकडून नेलेली बरणी ओट्यावर ठेवून गेली. निम्मी भरलेली.

"आत्तींनी माघारी दिलीया." एवढंच बोलली.

माझं डोकं फिरलं. ज्या खुळाविरुद्ध गावोगाव घसा फोडतो, ते माझ्याच कुंपणापलीकडे! म्हटलं, आत्ता जाऊन बोलतो.

अक्षता म्हणाली, "नगा जाऊ. तुमचं बोलून झालंय."

१४ मे

तरी गेलो. मुद्दे तयार होते. एकही वापरता आला नाही.

अक्काताई सोप्यात शेंगा निवडत होत्या. रुचिता दारात उभी. ती हललीच नाही.

"या सर, बसा. तुमचं भाषण बघितलं की." मान वर न करताच बोलत होत्या. "तुमची बायको म्हैन्याच्या म्हैन्याला मला हाक मारायची. अक्का, माझी अडचण हाय, बरणीला शिवता येत न्हाई, तेवढं ढवळून जावा. मी गुडघं धरत यायची. आता घरात सगळी म्हणत्यात, ती तुम्हाला खुळ्यात काढत हुती. तर खरं कोण बोलतंय, सर? तुम्ही का ती?"

सभेत कुणी प्रश्न विचारला तर तो संपायच्या आत माझं उत्तर सुरू होतं. इथे चप्पल शोधत उठलो.

घरी येऊन विचारलं. अक्षता सरळ म्हणाली, "त्या दिवसात न्हाई लावत मी हात."

"म्हणजे तू हे मानतेस? माझ्या घरात?"

"मानत न्हाई." कैऱ्यांची टोपली सावलीत सरकवत म्हणाली, "अक्का बरणी ढवळायच्या. मग मला बसवून चहा टाकायच्या. कंबर चोळून द्यायच्या. दुपारपतोर आम्ही बोलत बसायचो. नुसतं गप्पा मारायला या म्हटलं, तर त्यांच्या घरातनं कोण सोडतंय? बरणीसाठी म्हटलं की सोडायची."

"मला सांगायचं होतंस."

"घरात असता कवा तुम्ही?"

बाईला विश्रांतीचा हक्क आहे, या विषयावरही माझं एक भाषण आहे. चांगलं आहे. लोक मुद्दाम मागून घेतात.

१५ मे

कैऱ्या टोपलीत पिवळ्या पडायला लागल्यात. आज मीच घरातली लहान विळी मांडून बसलो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

१८ मे

वारणानगरला सभा. गाडीत वाटभर मनाशी घोकत गेलो. उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं — उचगावात मी बोललो ते खरं नव्हतं. माझी बायको त्या दिवसांत बरणीला शिवत नाही. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे सरांच्यात बी पाळत्यातच की." हशा पिकला.

परत आल्यावर गाडीतून उतरताना दादासो म्हणाला, "सर, एवढ्या वर्षांचं काम पाण्यात घातलंसा."

मला मात्र हलकं वाटत होतं. वाटलं, आता अक्काताई येतील.

१९ मे

हाही व्हिडिओ फिरला. अक्षता आज बाजाराला गेली नाही. जेवायला वाढताना म्हणाली, "परत माझंच सांगितलंसा. परत न इचारता."

खरं आहे. बोलून जे बिघडवलं ते बोलूनच दुरुस्त करायला गेलो. तिला विचारून, कुंपणाशी उभं राहून, अक्काताईंना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात चार शब्द सांगता आले असते. ते सुचलंसुद्धा नाही. एवढं वाचलं, एवढं बोललो — एका माणसाशी बोलायचं कसं, ते राहूनच गेलं.

२४ मे

अक्काताई आल्या नाहीत. दोन सभांत दोन गोष्टी सांगितलेल्या माणसाचं त्यांच्या घरात आता कोण खरं मानणार? त्यांच्या परसदाराला आता दिवसभर आतून कडी असते. कैऱ्या पिकून गेल्या. अक्षतानं टोपलीसकट कुणाला तरी देऊन टाकल्या. यंदा लोणचं नाही.

२७ मे

जेवताना म्हणालो, "इथून पुढे तुझ्या त्या चार दिवसांत मी सभा घेणार नाही. घरी थांबेन. चहा मी करीन."

तिनं तोंडातला घास संपवला.

"दिवाळीपासनं बंद झालंय माझं."

"आणि अक्काताईंना ठाऊक होतं?"

"त्यास्नीच पहिल्यांदा सांगितलं हुतं. तरी येत हुत्या."