म्यानाचं तोंड

९ नोव्हेंबर
दमले. तलवारविद्येची परीक्षा, दिवसभर परीक्षकाच्या खुर्चीत. तलवार उपसायची, वार करायचा, म्यान करायची — सकाळपासून तेच ते! कोण नुसती घाई करतंय आणि कुणाला समोरच्या मोकळ्या जागेत खरंच शत्रू दिसतोय, एवढंच ओळखायचं असतं. संध्याकाळपर्यंत तेही कळेनासं झालं.

शेवटी प्रथेप्रमाणे ओकाबायाशी गुरुजींनी प्रात्यक्षिक दाखवलं. मला तलवार धरायला शिकवलं ते यांनीच. आता ऐंशी उलटली. वार अजून सुरेख. पण तलवार म्यान करताना नजर खाली गेली — म्यानाचं तोंड शोधायला! एवढ्यावरून आज दुपारी मी एका बाईला नापास केलं होतं.

टाळ्यांचा कडकडाट. शेजारचा परीक्षक कुबोउची पुटपुटला, "हिसाएताई, तुम्ही काही पाहिलं नाही. मीपण नाही."

१० नोव्हेंबर
गुडघे धरलेत. गुरुजींचा फोन.
"काल कसं झालं गं?"
"छान झालं."
मग "बरं" म्हणाले, ठेवला.

१३ नोव्हेंबर
कुबोउचीला म्हटलं, त्यांना सांगायला हवं. भडकलाच! "म्हाताऱ्याचं एवढं एक सुख, तेही बघवत नाही तुम्हाला?" खरंय. पण मग यापुढे कुणाला नापास करायचं ते कोणत्या तोंडाने?

कंटाळा आलाय सगळ्याचा.

१६ नोव्हेंबर
शेवटी गेले. म्हटलं, "गुरुजी, त्या दिवशी मी खोटं बोलले."
ते उठले. तलवार घेऊन आले. "आता बघ. परीक्षक म्हणून बघ."
गुरुजी गारठलेल्या लाकडी जमिनीवर बसले. उपसली, वार केला. म्यान करताना पुन्हा नजर खाली. तरी पातं अंगठ्याला लागलं.
"नापास," मी म्हटलं.
त्यांनी पातं पुसलं. "बाकीच्यांना दिसलं होतं?"
"सगळ्यांना."
"आणि टाळ्या वाजवल्या!"
मला निरोप द्यायला दारापर्यंत आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. ट्राममध्ये रडू आवरेना.

१७ नोव्हेंबर
कुबोउचीला सगळं सांगितलं. तो — "झालं समाधान?"

२१ नोव्हेंबर
गुरुजींचा फोन.
"सोमवारी सकाळी शिकवायला येशील?"
"कुणाला?"
"अगं, मला!"